स्रेच्कोच्या भाचीच्या स्की

७ जानेवारी, मंगळवार

ही दुकानाची नोंदवही. निम्मी पानं कोरीच राहणार, म्हणून मी त्यांवर माझं लिहायला घेतलं आहे. प्रत्येक पानावर पाच रकाने छापलेले आहेत: नाव, वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, परत करायची तारीख. पुढच्या हिवाळ्यापासून स्की भाड्याने द्यायला लिफ्ट कंपनी यंत्र बसवणार आहे. गिऱ्हाईक त्याच्यासमोर उभं राहणार, ते पाय मोजणार आणि कपाटाचं दार उघडणार. मला एकतीस मार्चपर्यंतची मुदत आहे.

पस्तीस हिवाळे झाले. लिफ्ट सुरू झाली त्या वर्षी, हात बसावा म्हणून, आम्ही कामगारांनी आधी एकमेकांच्याच नोंदी केल्या होत्या. स्रेच्कोची मी लिहिली, माझी त्याने. पेनातली शाई गोठली होती, म्हणून पेन्सिलने. तेव्हापासून तो रात्राक, म्हणजे उतारावरचा बर्फ दाबायचं यंत्र, चालवतो आणि काम आटोपलं की सकाळी माझ्या दुकानात कॉफी प्यायला येतो. तेव्हापासून मी अख्ख्या खोऱ्याला स्की निवडून दिल्या. स्वतःसाठी एकदाही निवडल्या नाहीत. भाड्याच्या जोड्यांतली जी उरेल ती पायात अडकवून मी निघते.

आज मात्र मी एक उद्योग करून बसले आहे. गिरिमंडळाला रोब डोंगरावरच्या घरासाठी, म्हणजे चढून येणाऱ्यांच्या निवाऱ्यासाठी, राखणदार हवा आहे, तिथे मी नाव दिलं. पहिला राखणदार फोनवर कायम सांगायचा, "सगळं मस्त आहे, या." त्याच्या शब्दावर नोव्हेंबरात गोरित्सातले दोघं वर गेले, तर सरपणाचा पत्ता नाही, आणि रात्रभर कोट घालून कुडकुडत बसले. त्याला काढलं. एकोणीस मार्चपर्यंत, सेंट जोसेफच्या दिवसापर्यंत, कोणी मिळालं नाही तर दारांना फळ्या ठोकणार, कायमच्या.

मंडळाचे अध्यक्ष लुदविक मास्तर. मला त्यांनीच तिसरीत भागाकार शिकवला. अर्ज वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मिलोयका, तू कधी लिफ्टच्या वर गेली आहेस का?"

"उन्हाळ्यात गेले आहे," मी म्हटलं.

"नऊ मार्चला आमच्याबरोबर स्कीवरून चल. पाठीवर दोन ओंडके आणि जेवणाचं सामान. वर चूल पेटवायची, आम्हाला जेवू घालायचं, आणि लिफ्ट बंद व्हायच्या आत गावात उतरायचं. जमलं तर किल्ली तुझी."

अठ्ठावन्न वर्षांची बाई हे का करते आहे, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. एप्रिलपासून सकाळी उठून कुठे जायचं, हे मला माहीत नाही. वरच्या घरात खिडकी पूर्वेला आहे, चूल आहे, आणि माणसं ओल्या पायांनी आत येतात. ओल्या पायांची माणसं मला कळतात.

१२ जानेवारी, रविवार

स्कीचा प्रश्न. लिफ्टच्या वरच्या टोकापासून घरापर्यंत दीड तास चढ आहे, कोणी न दाबलेल्या बर्फातून. येताना आधी तोच मोकळा डोंगर, कुठे भुसभुशीत, कुठे वर पापुद्रा धरलेला, आणि मग लिफ्टखालचा दाबलेला उतार, जो दुपारनंतर काचेसारखा होतो. म्हणजे चढायला हलकी हवी आणि काचेवर उभं राहायला जड हवी. गिऱ्हाईक असं काही मागायला लागलं की मी त्याला सांगते, "आधी ठरव, कुठे जास्त वेळ घालवणार आहेस." आता ठरव म्हणणारी मीच आणि डोकं खाजवणारीही मीच.

आज दुकानातली सगळ्यात भारदस्त जोडी घेतली. तिच्यावर चढाची चौकट बसवली, म्हणजे चालताना टाच मोकळी उचलता येते. स्कीखाली कुत्री लावली. कुत्री म्हणजे चिकटवायच्या केसाळ पट्ट्या. केस एकाच दिशेने, त्यामुळे स्की पुढे सरकते आणि मागे घसरत नाही. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागली. पाऊण तासात मी बोलायची थांबले. घर दिसलंसुद्धा नाही, तिथूनच परतले. उताराला मात्र ती जोडी अशी उतरली की दिवाणखान्यातून चालल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी स्रेच्को म्हणाला, "वर यंत्र नेऊ का? तुला पाठीमागे बसवतो."

"परीक्षा माझी आहे, तुझ्या यंत्राची नाही."

"मी आपलं विचारलं. माणसाने चढ पायांनी का चढायचा, हेच मला कधी कळलेलं नाही." हे तो पस्तीस वर्षं म्हणतो आहे.

१९ जानेवारी, रविवार

मास्तरांनी त्यांच्या स्की वापरून बघायला दिल्या. निवड करणाऱ्यानेच उमेदवाराला सामान द्यावं हे मला पटलं नाही, पण ते म्हणाले, "मी फक्त स्की देतोय, पाय नाही." जोडी इतकी हलकी की मी दोनदा मागे वळून पाहिलं, आहे ना पायात. घरापर्यंत पोचले. एक तास चाळीस मिनिटं. दाराला हात लावला, खिडकीतून आत पाहिलं. चूल, सहा बाक, भिंतीवर कुणीतरी विसरलेली लाल टोपी. मला ते घर हवं आहे. अर्ज केला तेव्हा नुसतं सुचलं होतं, आज पक्कं हवं झालं.

उतरणं मात्र फजितीचं. पापुद्र्यावर स्की माझ्याशी भांडत होती, आणि खालच्या उतारावर, ज्याला आम्ही भिंत म्हणतो तिथे, पत्र्याच्या झाकणासारखी थडथडायला लागली. माझ्या दाढाही थडथडल्या. भिंतीच्या पायथ्याशी दोरित्साचं चहाघर आहे. ती व्हरांड्यात उभी राहून सगळं बघत होती. मी पोचल्यावर तिने चहात मोठा घोट ब्रँडीचा ओतला.

हलकी नको, जड नको. मधली हवी. दुकानात मधली एकही नाही, कारण आमच्याकडे मधलं कोणी येतच नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आज बूट घेतले. म्हणजे दोरित्साने मला ते घ्यायला लावले.

कंपनीने मागच्या वर्षी नमुन्याला पाठवलेल्या चढाच्या बुटांची दोन खोकी पडून होती. टोकाला दोन बारीक खळगे असतात, त्यांत बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या चापाच्या, खिळ्या बसतात आणि बूट तेवढ्यावरच झुलतो. मी मोठी जोडी घातली आणि दुकानात दोन फेऱ्या मारल्या. अगदी सपाता घातल्यासारखं वाटलं.

"छान आहेत," मी म्हटलं.

दोरित्सा गल्ल्याच्या टेबलावर बसली होती. "गिऱ्हाईक असं म्हणालं तर तू काय करतेस?"

"काय करते?"

"ओरडतेस. माझ्या बहिणीवर ओरडली होतीस. ती रडली होती. चल, आतला मऊ बूट काढ आणि नुसत्या कवचात पाय घाल."

मी घातला. बोटं पुढे टेकवली. टाचेमागे दोन बोटांचं अंतर राहायला हवं. दोरित्साने हात घातला तर तिची आख्खी मूठ आत गेली.

"सपाता," ती म्हणाली. "भिंतीवर सपाता घालून उतरणार का?"

लहान जोडी घातली. टाच गच्च, अंगठा टोकाला जेमतेम लागतो, गुडघा वाकवला की सुटतो. तंतोतंत बसली. दोरित्साने बूट उलटा करून तळ पाहिला. "तीनशे पाच," ती मोठ्याने म्हणाली, आणि का कोण जाणे, चहाघराच्या बिलाच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. तिला आकडे लिहायची सवयच आहे.

दुसऱ्याने ओरडून निवडून दिलं की किती हलकं वाटतं. हे मला पस्तीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

२८ जानेवारी, मंगळवार

स्रेच्को एक जोडी घेऊन आला. खांद्यावरून उतरवली, भिंतीला टेकवली, टोपी काढली, पुन्हा घातली.

"भाचीच्या आहेत," तो म्हणाला. "ल्युब्लियानाला असते. तिला आता वेळ नाही. घरात जागा नाही, तुझ्या दुकानात ठेवू का?"

"ठेव."

"नुसत्या पडून राहिल्या तर खराब होतात म्हणे. कुणी वापरल्या तर बरं."

"स्की पडून खराब होत नाहीत, स्रेच्को."

"या होतात," तो म्हणाला आणि कॉफी न पिताच गेला.

याला भाची आहे हे मला आजच कळलं. त्याला बहीण नाही, एकच भाऊ, आणि तोही तोल्मिनजवळ पाद्री आहे, बिनलग्नाचा. मानलेली असेल.

मुलगी समजूतदार दिसते. जोडी मधली आहे, अगदी मधली. कमरेला ना रुंद ना अरुंद, आत लाकूड, कडा धारदार. बाइंडिंगही दोन्हीकडचं: चढाला खिळ्यांवर टाच मोकळी, उताराला टाच अशी पकडतं की नेहमीच्या बाइंडिंगच्या तोडीस तोड. मी निवडली असती तर हीच निवडली असती. तळाची लांबी पाहिली तर तीनशे पाच. योगायोग म्हणायचा. तीनशे पाच हा काही दुर्मिळ आकडा नाही.

मग सुटायचा आकडा पाहिला. पडल्यावर बूट किती जोराला सुटावा, तो. जास्त ठेवला तर पाय मोडतो, कमी ठेवला तर भर उतारावर स्की निघून जाते. वजन, वय, बूट आणि माणूस किती तयारीचं आहे यांवरून तो काढतात. इथे पाच होता. माझं वय आणि माझा बूट धरून उलटा हिशोब केला तर वजन येतं चौसष्ट.

चौसष्ट किलोची आहे भाची. नशीबवान मुलगी. मी चौसष्ट कधी होते ते आठवायला बसले तर कॉफी थंड होईल. आज मी त्र्याहत्तर आहे, आणि हे फक्त या वहीत.

माझ्यासाठी आकडा कमी आहे, हे पाच सेकंदांत कळलं. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. मग वाटलं, दुसऱ्याची वस्तू आहे, न विचारता पेच फिरवू नये. आणि तसं पाहिलं तर पाच काही फार कमी नाही. स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवून दिला.

२ फेब्रुवारी, रविवार

भाचीच्या स्की घेऊन घरापर्यंत गेले. एक तास पस्तीस मिनिटं. उतरताना पापुद्रा, भुसभुशीत बर्फ, भिंत, सगळं एकाच जोडीने निभावलं. भिंतीवर मी जरा हात राखून वळत होते, पण थडथड नाही. खाली आल्यावर मी हसत होते, असं दोरित्सा म्हणते. असेन.

"पाच किलो उतरल्यासारखी दिसतेस," ती म्हणाली. नऊ म्हण, असं मनात आलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टीची गर्दी. एकशे बारा नोंदी. एका माणसाने स्वतःचं वजन सत्तर सांगितलं आणि बाकावर बसला तेव्हा बाक बोलला. त्याला मी म्हटलं, "साहेब, मला खोटं सांगून चालेल, गुडघ्याला नाही." पंच्याऐंशी लिहिलं.

स्रेच्को लंगडत होता. यंत्रात तासन्तास बसून बसून कंबर धरली असणार. अंगाला कापराच्या मलमाचा वास. मी म्हटलं, "थोडं चालत जा." तो म्हणाला, "चालतोय."

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी स्रेच्कोने विचारलं, टाचेला फोड आला तर काय करायचं. मी विचारलं, कुणाला? म्हणाला, भाचीला. मी पट्टी दिली आणि सांगितलं की बूट मोठा असेल, तिला म्हणावं कवच तपासून घे. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, अगदी परीक्षेला बसणार असल्यासारखं. स्की इथे, मग मुलीला फोड कसा आला कोण जाणे. दुसरी जोडी घेतली असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज ओंडक्यांसकट चढले. दोन तास पाच मिनिटं. वाटेत दोनदा बसले आणि दुसऱ्यांदा उठावंसं वाटेना. समोर सगळा डोंगर निळा पडलेला, आणि मी खोकत होते. मला खरंच जमणार आहे का? मास्तर सत्तरीत माझ्यापुढे चालतील, मंडळाचे दोघं जवान चाळिशीचे. वर एकटीने राहायचं, वारा चार-चार दिवस थांबत नाही. सकाळची कॉफी तिथे कुणाबरोबर प्यायची, हा विचार पहिल्यांदाच आला. बावळट विचार आहे. कॉफी एकटीनेही पिता येते.

घरी येऊन फ्रिका केली, बटाट्याची आणि चीजची, भरपूर. खाल्ल्यावर मला सगळं जमेलसं वाटायला लागलं.

७ मार्च, शुक्रवार

काल रात्रभर बर्फ पडला, चाळीस सेंटिमीटर. वाटेच्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या. परवा नवा माग काढत चढायचं म्हणजे वेळ दीडपट. रात्री दोन नंतर झोप लागली नाही.

९ मार्च, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर शेवट आधी येईल.

नऊच्या लिफ्टने वर गेलो. मास्तर, मंडळाचे दोघं, मी. पाठीवर दोन ओंडके, योटाचं, म्हणजे आंबट कोबी आणि घेवड्याच्या सूपचं, भांडं, पाव, सॉसेज. मी घाबरलेच होते, पण लिफ्टच्या टोकावर येऊन पाहते तर माग काढलेला. कुणीतरी काल या ताज्या बर्फातून थेट घरापर्यंत चढून गेलं होतं.

असा माग मी पाहिला नव्हता. माझ्या कमरेला झेपेल एवढाच चढ, जिथे मला दम लागतो बरोबर तिथे बर्फ तुडवून सपाट केलेली जागा. मीच चालून आखला असता तर असाच आखला असता. काढणारा मात्र अगदी शिकाऊ होता. प्रत्येक वळणावर तो खाली बसला होता. बसल्याचा खड्डा, शेजारी हाताचे ठसे, पुन्हा उठून पुढे. मी मोजले, एकवीस खड्डे. खड्डा मोठा, म्हणजे माणूस भारी.

"तोल्मिनचा कुणी असेल," मी म्हटलं.

मास्तर पुढून म्हणाले, "असेल. चांगला माणूस दिसतो."

"स्की मात्र येत नाही त्याला."

"ते दिसतंच आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांना कशामुळे तरी खोकला आला.

एक तास पन्नास मिनिटांत घर. चूल पहिल्या काडीला पेटली नाही, दुसरीला पेटली. योटा गरम झालं, तिघांनी दोनदा घेतलं. मंडळाच्या एकाने ताट पावाने पुसून काढलं. इथपर्यंत किल्ली मला दिसत होती, मास्तरांच्या कोटाच्या फुगलेल्या खिशात.

अडीचला निघालो. मोकळा डोंगर मी चांगला उतरले. मग भिंत. ऊन गेलं होतं आणि उतार आरशासारखा चकाकत होता. खाली चहाघराच्या व्हरांड्यात दोरित्सा, तिच्याशेजारी स्रेच्को, आणखी दहा-बाराजण. मास्तर माझ्या मागे. मी विचार केला, आज हात राखून वळायचं नाही. तिसऱ्या वळणावर सगळा भार खालच्या स्कीवर टाकला, आणि ती सुटली.

मोडली नाही, अडली नाही. चौसष्ट किलोच्या बाईला सोडायला सांगितलं होतं, तिने त्र्याहत्तर किलोच्या बाईला सोडलं. मी पाठीवर आपटले आणि तीसेक मीटर घसरत गेले, सगळ्या गावासमोर. स्की मध्येच अडकून राहिली. कुठे दुखलं नाही, पण तोंडचं पाणी पळालं.

मास्तर स्की घेऊन खाली आले. "काय झालं?"

सांगायला कितीतरी होतं. बुटाखाली बर्फ अडकला. काच होती. दुसऱ्याची स्की होती. हे सगळं मी गिऱ्हाइकांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की पाठ आहे. माझ्या तोंडात ते आलंही होतं.

"आकडा कमी आहे," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. बदलला नाही."

"का?"

"चौसष्ट किलोचा आहे. मला तो आवडला."

मंडळाचे दोघं डोंगराकडे बघायला लागले. मास्तरांनी चष्मा पुसला. "आणि खरं किती?"

"त्र्याहत्तर." व्हरांडा फार लांब नव्हता. ऐकू गेलं असणार.

मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, उतारावरच बसले, आणि दोन्ही स्कींचे पुढचे-मागचे पेच फिरवून साडेसहावर आणले. हे काम मला झोपेतही येतं. मग उठले, आणि भिंतीचा उरलेला भाग असा उतरले की ती जोडी त्या जोरासाठीच केली असावी. लिफ्ट बंद व्हायला दहा मिनिटं होती.

खाली मी मास्तरांना म्हटलं, "मला कळलंय. नका सांगू."

ते म्हणाले, "काय कळलंय तुला? भागाकारही तू असाच अर्धवट सोडायचीस." ते बाकावर बसले आणि बूट सैल करायला लागले. "वरून रोज सकाळी फोनवर सांगायचं असतं, बर्फ कसा आहे, वारा किती, सरपण किती उरलंय. त्या शब्दावर माणसं वर येतात. आधीचा स्कीवर कधीच पडला नाही. पण एकदाही खरं बोलला नाही."

आणि त्यांनी खिशातून किल्ली काढली. चांगली वीतभर लांब आहे, गंजलेली, लाकडाच्या तुकड्याला बांधलेली. दोरित्सा रडली. मी रडले नाही, मला शिंक आली. स्रेच्कोला शोधलं तर तो यंत्राकडे गेला होता.

१० मार्च, सोमवार

किल्ली उशाखाली घेऊन झोपले. पाठ काळीनिळी आहे. सुखात आहे.

सकाळी कॉफीला स्रेच्को आला. मी म्हटलं, "तुझ्या भाचीला सांग, तिचा आकडा बदलला, माफ कर." तो म्हणाला, "चूक तिचीच." आणि कपात बघत बसला. माझं पडणं त्याच्या मनाला फार लागलेलं दिसतं. मी म्हटलं, "मला काही झालं नाही." तो म्हणाला, "झालं असतं." पस्तीस वर्षांत त्याने साखर न घालता कॉफी प्यायलेली मी आज पाहिली.

१९ मार्च, बुधवार, वरच्या घरातून

सेंट जोसेफचा दिवस. कंपनीने मला जवळजवळ दोन आठवडे आधी सोडलं. ही वही तेवढी मी मागून घेतली. यंत्राला वहीची गरज नाही.

सकाळी साडेसहाला फोन केला: बर्फ वर मऊ, खाली कडक, वारा हलका, सरपण एकशे चाळीस ओंडके. मग माणसं यायला लागली. प्रथा अशी की प्रत्येकाने एक ओंडका आणायचा. दुपारपर्यंत एकशे ऐंशी झाले. मास्तर आले, दोरित्सा पोतित्सा, म्हणजे अक्रोडाचा गोड गुंडाळा, घेऊन आली, अर्धी वाटेतच खाऊन संपली होती. मी सगळ्यांचे पाय बघत होते. ओले, लाल, फोड आलेले. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तीनच्या सुमाराला बहुतेक सगळे उतरले. मी खिडकीशी कप पुसत होते. खालून एकटाच कुणीतरी चढत होता, फार हळू. वळणावर आला, पाय उचलला, आणि खाली बसला. हात टेकले, उठला, पुढे निघाला. पुढच्या वळणावर पुन्हा बसला.

कप हातातच राहिला. मी खड्डे मोजले नाहीत, मोजायची गरज नव्हती. कापराचं मलम, फोड, तीनशे पाच, बहीण नसलेल्या माणसाची भाची, सगळं माझ्यासमोर त्या उतारावर बसत-उठत वर येत होतं. अठ्ठावन्न वर्षांची झाले आणि मला पायांपलीकडचं काही दिसत नाही.

तो दारात आला. पाठीवर एकाऐवजी पाच ओंडके.

"चढ पायांनी का चढायचा ते अजून कळलं नाही," स्रेच्को म्हणाला आणि बाकावर बसला.

मी त्याला योटा दिलं नाही, चहा दिला नाही. आधी म्हटलं, "तुला भाची नाही."

"नाही."

"चौसष्ट कुठून आणलंस?"

"तूच सांगितलं होतंस."

"मी कधी सांगितलं?"

"लिफ्ट सुरू झाली त्या वर्षी. पेन चालत नव्हतं." तो बुटाच्या पट्ट्यांशी झटापट करत होता, वर बघत नव्हता. "मी लिहून घेतलं होतं."

"पस्तीस वर्षं झाली, स्रेच्को. मध्ये एकदा विचारायचं तरी."

"बाईमाणसाला वजन कसं विचारणार?" मग म्हणाला, "आणि मला तू तेवढीच दिसतेस. माझ्यामुळे पडलीस."

मला काय वाटलं ते लिहून ठेवते. खूप आनंद झाला, आणि थोडा राग आला की हे इतक्या उशिरा का. आनंद जास्त होता. मी त्याच्या स्की उचलल्या, तोंड लपवायला काहीतरी हवं होतं. जोडी त्याच्या भावाची होती. पाद्रीबुवा काडीसारखे आहेत, आकडा त्यांचाच ठेवलेला.

"तू असा खाली उतरायचा नाहीस," मी म्हटलं. "वजन किती?"

"पंच्याऐंशी."

मी नुसतं पाहिलं.

"ब्याण्णव," तो म्हणाला.

वही उघडली. स्वतःच्या हाताने त्याचं नाव लिहिलं, वजन ब्याण्णव, उंची एकशे ऐंशी, बूट तीनशे पंचवीस. पेच फिरवले. पाचवा रकाना उरला, परत करायची तारीख. स्रेच्को वाकून बघत होता.

"तिथे काय लिहिणार?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी रात्राक कोण चालवणार आहे?"

"सुट्टी टाकली आहे."

पस्तीस वर्षांत मी तो रकाना कधी रिकामा सोडला नव्हता. आज सोडला. मग त्याला योटा वाढलं.